लिहिणं अडलंय? आधी मोटर चालू आहे का ते बघा : खान्देशातल्या नव्या लिहिणाऱ्यांसाठी

माझी एक कथा दिवाळी अंकात छापून आली आणि त्यानंतर अडीच वर्षं मला एक धड पान लिहिता आलं नाही. कथा आली तेव्हा गावाकडे पेढे वाटले गेले. ऑफिसातल्यांनी अंक हातोहात फिरवला. मग प्रत्येक जण विचारू लागला, "ताई, पुढची कधी?" त्या प्रश्नानं माझा हातच धरला. पहिली चुकून जमली असणार, दुसरीत पितळ उघडं पडेल, हे मनात इतकं पक्कं बसलं की वही उघडली तरी छातीत धडधड व्हायची.

मी मूळची चोपडा तालुक्यातली, नोकरी जळगावात, एका कार्यालयात आवक-जावक टेबलावर. लेखनावर व्याख्यान देण्याइतकी मोठी मी नाही. पण या अडीच वर्षांत जे उलटसुलट प्रयोग केले, त्यातले कोणते कामाचे निघाले आणि कोणत्यांत फक्त पैसे गेले, ते क्रमानं सांगते. तुमचे तेवढे दिवस वाचतील.

१. आवक बंद आहे की जावक, ते ठरवा

"सुचत नाही" ही तक्रार एकच असली तरी दुखणी दोन असतात. काहींच्या आत काही येतच नाही : वाचन थांबलेलं, फिरणं थांबलेलं, घर-ऑफिस-मोबाइल. ही आवक बंद. काहींच्या आत भरपूर साचलेलं असतं, पण कागदावर उतरत नाही. ही जावक बंद. उपाय वेगवेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केला तर दुखणं वाढतं. माझी जावक बंद होती आणि मी मात्र पुस्तकांवर पुस्तकं वाचत सुटले. प्रत्येक चांगलं पुस्तक वाचून वाटायचं, यापुढे आपण काय लिहिणार!

हे माझ्या डोक्यात आप्पांमुळे आलं. आमच्याकडे केळी आहे, ठिबकवर. एकदा शेवटच्या ओळींना पाणी पोहोचेना म्हणून मी नळ्या उपटायला निघाले, तर आप्पा म्हणाले, "पहिले मोटर चालू शे का ते देख, मंग बाकीनं." मोटर चालू होती, विहिरीला पाणी होतं. क्षार साचून ड्रिपर चोक झाले होते.

तपासायची सोपी रीत : कोणाजवळ तरी तुमच्या गोष्टीबद्दल दहा मिनिटं बोला. बोलताना रंगलात, हातवारे सुरू झाले, तर विहिरीला पाणी आहे, जावक अडली आहे. दोन मिनिटांत विषय संपला, तर आवक बघा. माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या दहातल्या आठ जणांची जावकच अडलेली असते. त्याचं कारण पायरी ४ मध्ये आहे; घाई असेल तर तिथे आधी जा.

२. सामान

फार लागत नाही. महागाची डायरी घेऊ नका, तिच्यात चांगलंच लिहायला हवं असं वाटतं आणि ती कोरी राहते. (माझ्याकडे अशा तीन आहेत, एकीला तर रेशमी फीत आहे.)

- शंभर पानी शाळेची वही, खर्ड्यासाठी
- दुसरी लहान वही, आवक-जावक रजिस्टर म्हणून. ती पायरी ७ मध्ये लागेल
- दोन बॉलपेन
- फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा ॲप. मराठी बोलून टाइप करायची सोयही असते, पण माझा फोन अहिराणी ऐकून भलतंच काहीतरी लिहितो, म्हणून नुसता आवाज ठेवा
- खोडलेले परिच्छेद ठेवायला बिस्किटाचा रिकामा डबा. काही फेकायचं नाही

शेवटी पाठवायच्या वेळी युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाइप होते तशी) टाइप केलेली प्रत, चार ओळींचा परिचय, पत्ता आणि फोन लागेल. काही ठिकाणी मानधनासाठी बँकेचा तपशील मागतात. पहिल्या पानाआधी परिचय लिहायला बसू नका. मी बसले होते.

३. आवक बंद असेल तर

खान्देशात याची चणचण नाही. महिन्यातून दोनदा बाहेर पडा आणि दर वेळी फक्त एक गोष्ट ऐकून टिपून आणा. भुसावळ जंक्शनच्या बाकावर एक तास बसा. देशभरातल्या बोल्या कानावरून जातात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे घोड्यांकडे बघण्याआधी सौदा करणाऱ्यांच्या तोंडाकडे बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, त्यातली निदान दोन अजून कोणाच्या वहीत नसतील. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. ज्यांच्या नावानं ते आहे ते इतिहास संशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करायचे, वाण्याच्या दुकानातली रद्दीही सोडायचे नाहीत म्हणतात. तशी नजर ठेवा.

फोटो काढू नका. फोटो काढला की आपण बघायचं सोडतो. घरी येऊन पाच ओळी लिहा, पुरे.

४. जावक बंद असेल तर : भाषेचा बोळा काढा

इथे जरा थांबते, कारण माझं सगळं इथेच अडलं होतं.

पाचवीत असताना निबंधात मी 'वावर' लिहिलं. बाईंनी लाल शाईनं गोल करून वर 'शेत' लिहिलं आणि वर्गाला वाचून दाखवलं. वर्ग हसला, मीही हसले. बाई वाईट नव्हत्या, त्यांना मला मार्क मिळवून द्यायचे होते. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक लाल पेन बसलं. घरी अहिराणीत बोलायचं, आणि लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य त्या पेनाखालून काढायचं. त्या अडकलेल्या कथेची सुरुवात मी वहीत चौदा वेळा लिहिली आहे. चौदाही वेळा पहिलं वाक्य एकच : "आई शेतात गेली होती." पुढे काही सरकायचं नाही. सरकणार कसं? माझी आई कधीच 'शेतात' गेली नाही. माय वावरमा गयी व्हती.

तेव्हा हे करा.

एक : गोष्ट घरच्या बोलीत फोनला सांगा. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, गुजर, जी असेल ती. दार लावून घ्या, नाहीतर घरचे विचारतात कोणाशी बोलतेस. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको.

दोन : दुसऱ्या दिवशी ते ऐकत वहीत जसंच्या तसं उतरवा. शुद्धलेखन बघायचं नाही. "आन् मंग", "काय म्हने" सगळं राहू द्या.

तीन : आठवडाभरानं ठरवा की यातलं किती बोलीत ठेवायचं. मी कथन प्रमाण मराठीत आणि संवाद अहिराणीत ठेवते. ही माझी सोय आहे, नियम नव्हे. पुरं अहिराणीत लिहिणारेही आहेत.

बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, आमच्या जळगावपासून हाकेच्या अंतरावर. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात काम करताना त्यांना ओव्या सुचायच्या, आणि त्या उतरवून घ्यायचं काम घरच्या लिहित्या हातांनी केलं, त्यात मुलगा सोपानदेवही. १९५१ साली त्या गेल्या आणि गाणी पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली. सुचणं आणि कागदावर उतरवणं ही दोन निराळी कामं आहेत, दोन निराळ्या माणसांनी केली तरी चालतात, हे मला त्यावरून कळलं. आपल्याकडे दुसरा माणूस नाही, म्हणून आदल्या दिवशीच्या आपण सांगायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या आपण उतरवायचं.

स्वतःचं काहीच निघत नसेल तर दुसऱ्याचं लिहून घ्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली, आणि ती साने गुरुजींनी तिथेच बसून टिपून घेतली. मी माझ्या आजीचं बोलणं लिहून घेतलं, रविवारी दुपारी, सात आठवडे. कापूस वेचायला जायची तेव्हाचं, दुष्काळातलं, सवतीचं. चौथ्या आठवड्यात आजीच्या दोन वाक्यांच्या मधे मी माझं एक वाक्य घातलं. आजीला कळलं नाही. मला कळलं.

सापळा : बोली सजावटीसाठी वापरू नका. प्रमाण मराठीत लिहून मग मधेमधे 'आंडोर', 'आंडेर' पेरले की ते फॅन्सी ड्रेससारखं दिसतं. आणि प्रत्येक शब्दापुढे कंसात अर्थही देऊ नका. "आंडोर मुंबईला नोकरीला लागला आणि सहा महिन्यांत सून घेऊन आला" असं लिहिलं की पुण्याच्या वाचकालाही आंडोर म्हणजे कोण ते समजतं.

५. रोजचं काम : गढूळ पाणी वाहू द्या

चोक झालेल्या ठिबकला ॲसिड सोडून झालं की नळीचं टोक उघडतात. आधी पिवळट, गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. ते गढूळ पाणी बघून कोणी टोक बंद करत नाही. पहिल्या खर्ड्याशी आपण नेमकं तेच करतो.

- वेळ पंचवीस मिनिटं. गजर लावा. गजर झाला की उठा, रंगात असलात तरी.
- माप ओळींचं ठेवा, चांगल्या-वाईटाचं नाही. मी वहीची दोन पानं धरते.
- वाक्य अर्धं सोडून उठा. खुरपणीला बसलेल्या बाया जेवायला उठतात तेव्हा पात मधेच सोडतात. परत आल्यावर कुठे बसायचं ते शोधावं लागत नाही. तसंच.
- लिहिलेलं त्याच दिवशी वाचायचं नाही. दुरुस्ती रविवारी, शक्यतो दुसऱ्या जागी बसून. मी लिहिते स्वयंपाकघरात आणि खोडते गॅलरीत.

वेळ कोणती, तर आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी लिहायचा हट्ट नको. पंचेचाळीस अंशात, त्यात लाइट गेलेली, तेव्हा न सुचणं हा तुमच्या प्रतिभेचा दोष नाही. पहाटे साडेपाच किंवा रात्री गच्चीवर.

सापळा : "आधी नीट आराखडा करू", "आधी अजून थोडं वाचू", "आधी लेखन कार्यशाळा करू". हे सगळं चांगलं आहे. पण त्या आठवड्यात वहीची दोन पानं भरली नसतील तर तो आराखडा म्हणजे पळवाट आहे.

६. "मी कोण लिहिणारी?" या प्रश्नाचं काय करायचं

वरचं सगळं केलं तरी शंका जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला वाटायचं, हे माझंच, खेड्यातून आले म्हणून. मग कळलं की १९७८ मध्ये अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी याच गोष्टीवर निबंध लिहिला होता. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यांवरच्या दीडशेहून जास्त बायका त्यांनी अभ्यासल्या. यश पदरात असूनही त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवलंय आणि एक दिवस हे उघडकीला येणार. पीएच.डी. झालेल्या बायांना असं वाटत असेल तर आपलं काय घेऊन बसलात.

करायचं एवढंच. शंका आली की वहीच्या समासात ती शब्दशः लिहा आणि पुढे तो आवाज कोणाचा ते लिहा. "हे कोण वाचणार" : काका, २०१६ च्या लग्नात. "भाषा गावंढळ आहे" : बाई, पाचवी ब. "हिला वेळ बरा मिळतो" : शेजारीण. पंधरा दिवसांत माझ्या समासात जेमतेम पाच माणसं निघाली, आणि त्यातल्या एकानंही माझी कथा वाचलेली नव्हती.

काही शंका मात्र खऱ्या असतात. "हे पात्र खोटं वाटतंय" असं आतून आलं आणि पुढे कोणाचंच नाव लिहिता आलं नाही, तर ती शंका ऐका. ती तुमची आहे.

मोठा सापळा : शंका पैसे देऊन घालवणं

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या अडीच वर्षांत एका 'प्रातिनिधिक संग्रहा'त मी पंधराशे रुपये भरून दोन कविता दिल्या. मी कविता लिहीतच नाही! फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की निवड झाली आहे. घरी पाच प्रती, सन्मानपत्र आणि एक प्लॅस्टिकचं सन्मानचिन्ह आलं. शुद्धलेखनाच्या चुका माझ्याच कवितेत नऊ होत्या. संग्रहात दोनशे कवी होते आणि तो बहुधा त्या दोनशे घरांतच आहे.

ओळखायचं कसं : निवड आधी कळवतात आणि पैसे नंतर मागतात, संपादकानं तुमच्या मजकुरातला एक शब्दही बदललेला नसतो, पुस्तक कोणत्या दुकानात मिळेल याचं उत्तर येत नाही. स्वखर्चानं पुस्तक काढणं वाईट नाही, अनेक चांगली पुस्तकं तशी निघाली. ते करायचं तर उघड्या डोळ्यांनी, किती प्रती, किती पाने, विक्री कोण करणार हे कागदावर घेऊन करा. शंकेवर औषध म्हणून करू नका. दुसऱ्या दिवशी ती परत येते, सन्मानचिन्हाच्या शेजारी बसते.

७. दाखवायचं कोणाला आणि पाठवायचं कुठे

एक वाचक शोधा. एकच. घरच्या ग्रुपवर टाकू नका; तिथे हात जोडलेली चित्रं येतात आणि त्यानं काही कळत नाही. नवऱ्याला किंवा बायकोलाही पहिला खर्डा देऊ नका, संसार करायचा असतो. वाचकाला "कसं वाटलं?" विचारलं तर तो "छान" म्हणणारच. त्याऐवजी विचारा : कुठे कंटाळा आला? काय समजलं नाही? कोणतं माणूस लक्षात राहिलं? माझी वाचक अमळनेरची एक ग्रंथपाल मैत्रीण आहे. ती फक्त पानाच्या कडेला रेघ मारते, जिथे वाचताना मोबाइल बघितला तिथे.

पाठवायला दिवाळी अंक हे आपलं जुनं दार आहे, १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनचं. बरेच अंक पावसाळ्यातच मजकूर मागवतात, तेव्हा गणपतीत जाग आली तर उशीर झालेला असतो. अंक आधी विकत घेऊन वाचा आणि मग ठरवा तुमची कथा तिथली आहे का. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. दोन्हीकडे लागली तर दोन्हीकडे तोंड जातं.

आता ती दुसरी वही काढा. ऑफिसात जसं करते तसंच मी घरी केलं : अनुक्रमांक, तारीख, कथेचं नाव, कुठे पाठवली, उत्तर काय. 'साभार परत' हे उत्तर आलं की आवक रकान्यात तारीख घालायची, आणि त्याच दिवशी पुढच्या ओळीत जावक. ऑफिसात परत आलेल्या पत्रासाठी कोणी रडत नाही, त्रुटी पूर्ण करून पुन्हा पाठवतात. उत्तर आलंच नाही तर तीन महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र, मग गप्प. माझ्या रजिस्टरात आज अकरा ओळी आहेत : सात साभार परत, दोन निरुत्तर, दोन स्वीकृत.

८. हे लेखनाचं अडणं नसेल तर

पंधरा दिवसांहून जास्त झोप नीट नाही, जेवण नको, आवडती कामंही नकोशी, जगण्यातच अर्थ वाटत नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. 'टेलि-मानस'ची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "लेखकाला दुःख हवंच" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आपले बालकवी धरणगावचे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतराव्या वर्षी त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, तरी उदासीच्या कविता त्यांनीही लिहिल्याच. पदवीचा आणि मनाच्या तब्येतीचा संबंध नसतो.

९. पहिला आठवडा

सोमवारी फक्त वही आणून ठेवा. मंगळवारी कोणाजवळ तरी दहा मिनिटं बोला आणि मोटर तपासा. बुधवारी फोनला गोष्ट सांगा, गुरुवारी उतरवा, शुक्रवारी पुन्हा उतरवा कारण गुरुवारी कंटाळून मधेच सोडलेलं असेल. शनिवारी पंचवीस मिनिटं स्वतःचं, गजर लावून, आणि वाक्य अर्धं सोडून उठायचं. रविवारी लिहू नका. थंडीचे दिवस असतील तर बामणोदची हिरवी वांगी आणा, काड्यांवर भाजा, भरीत करा, कळण्याच्या भाकरीशी खा. सोमवारी पहाटे वही उघडाल तेव्हा ते अर्धं वाक्य तिथेच असेल.